दुष्काळात गंजलेली गाडी

स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. मी जोर लावला नव्हता, नुसतं टोक टेकवलं होतं.

"बाई, जरा हळू," रॅम्पशेजारी मान वाकडी करून बघणारे अप्पा म्हणाले. "लोखंड हाय ते."

"होतं," मी म्हणाले.

स्क्रूड्रायव्हर ओढला तसा टोकाला तपकिरी, ओलसर चिखल आला आणि त्यामागून गंजाचे पापुद्रे खाली पडले. आमचे डेंटर रफिकभाई, म्हणजे पत्र्याचं काम करणारे मिस्त्री, त्यांनी त्यातला एक पापुद्रा बोटांत धरून चुरला आणि हात पँटला पुसला. "मॅडम, इसमें लोहा कम, मिट्टी ज्यादा है."

अप्पांनी त्यांच्याकडं रागानं पाहिलं. गाडी त्यांच्या वडिलांची होती. दुधी रंगाची ॲम्बॅसेडर. लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी घेतलेली. अप्पा ही गोष्ट नेहमी सांगायचे आणि स्वतःच हसायचे: जिल्ह्याच्या कामासाठी उस्मानाबादला हेलपाटे घालायचे तेव्हा घरात गाडी नव्हती, कलेक्टर ऑफिस गल्लीच्या टोकाला आलं आणि वडिलांनी गाडी घेतली.

मी लातूरच्या एमआयडीसीत बॉडीशॉप चालवते. इंजिन बिघडलं तर लोक मेकॅनिककडं जातात. गाडी ठोकली किंवा सडली की आमच्याकडं येतात. अप्पांची गाडी पासिंगसाठी, म्हणजे जुन्या गाडीची नोंदणी वाढवून घ्यायला न्यायची होती. त्याआधी नजर टाकून घ्या, एवढंच काम त्यांनी सांगितलं होतं. "थोडं खडखडतंय मागं. बाकी गाडी एकदम टकाटक हाय."

वरून होतीच. रंगाला चकाकी होती, बंपरवर ओरखडा नव्हता. खालूनही पहिल्या नजरेत काही दिसलं नाही. दर वर्षी ते तळाला जळकं ऑइल फासून घ्यायचे आणि डांबराचा थर शाबूत होता. म्हणून तर मला शंका आली. खालून इतका नीट असलेला तळ सहसा खडखडत नाही.

मागची सीट काढली. रबरी मॅट उचलली. मॅटखाली नमदा असतो, म्हणजे जाड गादीसारखं कापड, आवाज आत येऊ नये म्हणून. तो उचलताना हातात तुटून आला. त्याच्याखालचा पत्रा वरच्या बाजूनं फुगला होता आणि कडांना पांढरी बुरशी धरावी तसा मिठाचा थर होता.

सामान्य वाचकांसाठी थोडं सांगते. फ्लोअर पॅन म्हणजे आपल्या पायाखालचा पत्रा. बऱ्याच लोकांना वाटतं तो नुसता तळ आहे, भांड्याला असतो तसा. पण या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळ, दारांखालून जाणाऱ्या पोकळ लोखंडी पेट्या आणि छत मिळून गाडीचा सांगाडा होतो. तळ गेला तर गाडीची कंबर गेली. आणि तळ बहुतेक वेळा आतून जातो. पाणी मॅटखाली शिरतं, नमदा ते धरून ठेवतो. वर बसलेल्याला काही कळत नाही.

पाणी साचू नये म्हणून तळाला कंपनीच भोकं ठेवते आणि त्यांना रबरी बुचं लावते. मी ती भोकं शोधायला लागले. सापडेनात. पत्र्यावरून बोट फिरवलं तेव्हा एका जागी उंचवटा लागला. नखानं खरवडलं. आत लांबी भरली होती. रंगाच्या आधी खड्डे बुजवायला वापरतात ती. सगळी भोकं तशीच बुजवलेली.

"अप्पा, हे कुणी केलं?"

"मीच," अप्पा म्हणाले. आवाजात अभिमान होता. "मागल्या उन्हाळ्यात."

मागच्या उन्हाळ्यात शहराच्या नळाला पाणी येणं जवळपास बंद झालं होतं. अप्पांचं मार्केट यार्डात अडतीचं दुकान आणि अहमदपूरकडं शेत. शेतातल्या बोअरला पाणी होतं. खारं, पण होतं. अप्पांनी मागची सीट काढून ठेवली, गाडीत कॅन आणि ड्रम भरले आणि उन्हाळाभर सगळ्या गल्लीला पाणी आणलं. ड्रायव्हर ठेवला नाही, स्वतः आणलं.

"रस्ता कसला, तुम्हाला म्हाईत हाय," ते म्हणाले. "हिंदकळून पाणी सांडायचं. बुचं कवाच गळून गेलती. घरी येऊस्तोवर निम्मं पाणी त्या भोकांतनं रस्त्यावर. लोक घागर घागर पाण्याला भांडायलेत आन् मी रस्त्याला पाणी पाजायलो? मग टाकली बुजवून."

"आणि सांडलेल्या पाण्याचं काय करायचा?"

"आक्का फडक्यानं टिपून घ्यायची. बादलीत पिळायची. दारात बेलाचं झाड हाय, त्याला. त्याच्यावर जगलं ते झाड."

आक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. एवढ्या वर्षांत मी तळ सडायची बरीच कारणं पाहिलीत. काचेचं रबर गेलेलं, दारातून पाऊस येणारा, एसीचं पाणी आत गळणारं. पाण्याचा थेंब वाया जाऊ नये म्हणून कुणी गाडीची परात केलेली मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांना मूर्ख म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्या उन्हाळ्यात मीही भाजी धुतलेलं पाणी कुंडीत ओतत होते.

फडक्यानं वरचं पाणी टिपलं जातं. नमद्यातलं नाही. आणि खारं पाणी वाळलं तरी मीठ तिथंच राहतं. हवेत जरा दमटपणा आला की ते पुन्हा ओलं होतं आणि पत्रा खातं.

मी अप्पांना दोन रस्ते सांगितले.

पहिला, ठिगळ. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवायचा, रिबेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, मारायचे, वरून डांबर फासायचं. आठवड्याभरात गाडी परत. गावातल्या गावात हळू चालवायला चालेल, पण गंज खाली तसाच राहतो. दोनेक पावसाळ्यांत सगळं ठिगळासकट खाली येतं. आमच्या शॉपमध्ये हे काम आम्ही करत नव्हतो.

दुसरा, पूर्ण तळ. आतलं सगळं काढायचं. दारांच्या चौकटींत आडवे पाइप वेल्ड करून गाडी ताठ धरायची, नाहीतर तळ कापला की बॉडी मधोमध लवते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. मग सडकं सगळं कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं, नवा पत्रा तशाच नाळ्या, म्हणजे पत्र्याला ताकद देणाऱ्या पन्हळी, पाडून घडवायचा आणि जोडायचा. त्यावर प्राइमर, सांध्यांना सीलंट, पेट्यांच्या पोकळीत मेण, खालून कोटिंग. वेळ लागतो. पण मग पुढची पंचवीस वर्षं बघावं लागत नाही.

"पोराला विचारून सांगतो," अप्पा म्हणाले.

त्यांच्या मुलाचा, महेशचा, संध्याकाळी फोन आला. "ताई, तुम्ही अप्पांच्या नादाला लागू नका. घरात नवी मोठी गाडी उभी आहे. ती ॲम्बॅसेडर भंगारात द्या. मी बोललो तर भांडण होतं. तुम्हीच सांगा की काम होत नाही."

"काम होतं," मी म्हणाले. "होत नाही असं कसं सांगू?"

"मग करा तुम्हाला करायचं ते," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. कपाळाला भस्म, हातात टोपी. "शरणार्थ," असा त्यांचा नेहमीचा नमस्कार घातला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "पक्कं काम करा. ठिगळ नको. माझ्या मागंबी चालली पायजे गाडी."

मला आनंद झाला. असं काम सांगणारं गिऱ्हाईक वर्षात एखादं मिळतं. मी कामाचे टप्पे लिहून भिंतीवर लावले, रफिकभाईंनी ग्राइंडर काढला आणि तळ कापायला घेतला.

कापल्यावर कळलं की दारांखालच्या दोन्ही पेट्यांतही खारं पाणी उतरलंय. बाहेरून त्या धडधाकट दिसत होत्या. रफिकभाईंनी कडेला एक चौकोन कापला, तर आत मीठ आणि गंजाचा गाळ साचला होता, नाल्यात साचतो तसा. कामाची यादी दुप्पट झाली. नाळ्या पाडायचं मशीन आमच्याकडं नव्हतं. नांदेडला एका वर्कशॉपमध्ये होतं, पण त्यांच्या हातात आधीची कामं होती. पत्रा तिकडं पाठवला आणि थांबलो.

पेट्यांचं जास्तीचं काम सांगायला मी अप्पांच्या घरी गेले. ते यार्डात होते. आक्का दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. उदगीरकडच्या, बोलायला मोकळ्या, मधूनच कानडी. दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

"गॅरेजवाली बाई म्हंजे तूच काय गं? बस. माझी गाडी कधी देतीस?"

मी हसले. "तुमची? अप्पा तर म्हणतात त्यांची."

"अय्यो! ते नुसतं चालवतेत. बसतंय कोण?"

मग त्यांनी मला नीट समजावलं. मुलाच्या नव्या गाडीला पायरी उंच. वर चढायचं म्हणजे दोन माणसांनी ढकलायचं. "पोतं चढवल्यागत," त्या म्हणाल्या. लहान गाड्यांच्या सीट इतक्या खाली की एकदा बसलं की उठणं नाही. रिक्षात दांडी धरून अंग ओढायला खांद्यात बळ नाही. ॲम्बॅसेडरची मागची सीट मात्र खुर्चीच्या उंचीची. दार रुंद उघडतं. पाठमोरं होऊन टेकायचं, मग एक एक पाय उचलून आत घ्यायचा. दर सोमवारी देवळात, अधूनमधून उदगीरला बहिणीकडं, कुणाच्या बारशाला, कुणाच्या मयतीला. सगळं त्या एका सीटवर.

"गाडी तुझ्याकडं गेली तवापासनं ह्या उंबऱ्याभाईर पाय न्हाई माझा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतोय चालत ऱ्हावा, चढउतार करत ऱ्हावा, न्हाईतर गुडघे धरतील. दारातनं दारात किती चालू? ह्यांना म्हणलं, बाईला सांगा लवकर द्या म्हणून. ह्यांनी सांगितलंच नसंल."

"नाही सांगितलं."

"बायकोसाठी गाडी लागती म्हणायला लाज वाटती त्यांना. अडत्याचं तोंड दुकानात चालतंय नुसतं."

तेवढ्यात अप्पा आले. त्यांनी हे शेवटचं वाक्य ऐकलं असावं. "काय चाललंय?"

"तुमची तारीफ," आक्का म्हणाल्या.

मी परत येऊन भिंतीवरचा कागद काढला आणि कामाचा क्रम बदलला. दुसऱ्या दोन गाड्या मागं टाकल्या. नांदेडला स्वतः गेले आणि पत्रा घेऊनच आले. रफिकभाईंनी सुट्टी पुढं ढकलली. तळ जोडून झाला. काम इतकं सुंदर झालं होतं की वेल्डिंगची ओळ शोधावी लागत होती. आता पेट्या तेवढ्या राहिल्या.

आणि तिथं पाण्यानं अडवलं.

पेट्या पोकळ असतात. आत हात जात नाही, ब्रश जात नाही. सडका भाग कापून नवा लावला तरी उरलेल्या पोकळीत मीठ चिकटून राहतं. ते धुऊन काढायला गोडं पाणी लागतं, जोरात आणि भरपूर, पाइप घालून, स्वच्छ पाणी बाहेर पडेपर्यंत. मीठ आत ठेवून वर मेण मारलं तर गंजाला आपणच पांघरूण घालतो. एरवी हे अर्ध्या दिवसाचं काम. पण तो उन्हाळा आधीच्यापेक्षा वाईट निघाला. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. एमआयडीसीचा पुरवठा बंद होता. आम्ही हातसुद्धा रॉकेलनं पुसत होतो. शहरात घागरींच्या रांगा लागलेल्या असताना गाडीचं पोट धुवायला टँकर मागवायचा, हे मला जमणारं नव्हतं. कुणी आणून दिला असता तरी घेतला नसता.

अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "एवढंच ना? माझ्या बोअरचं आणतो. पायजे तेवढं."

"ते खारं आहे, अप्पा. त्यानंच तर हे झालंय."

"सगळ्या गल्लीनं पेलंय ते पाणी," ते दुखावून म्हणाले. "माणसांना चाललं, गाडीला चालत न्हाई?"

"माणसाला चालतं. लोखंडाला नाही."

ते गेले. दोन दिवसांनी सकाळी रिक्षा करून पुन्हा आले. रिक्षात दोन कॅन. रेल्वेच्या पाण्यातलं, त्यांच्या घराच्या वाट्याचं. त्यांनी ते स्वतः उतरवून माझ्या टेबलाशेजारी ठेवले.

"गोडं हाय. धुवून घ्या."

"घरी काय पिणार?"

"बघू आमचं आम्ही. आक्कानंच भरून दिलंय."

दोन कॅननं काही होणार नव्हतं. तेवढं पाणी एका पेटीच्या पहिल्या फेरीलाही पुरत नाही. पण पुरलं असतं तरी मी ते ओतू शकले नसते. रफिकभाई लांबून बघत होते. त्यांनीच येऊन कॅन उचलले आणि परत रिक्षात ठेवले. "चाचा, पिने का पानी है. गुनाह लगेगा हमको." रिक्षात बसताना अप्पांनी एकदा वळून गाडीकडं पाहिलं. सीट नाही, दारं नाहीत, चौकटींत आडवे पाइप. ऑपरेशनला घेतलेल्या माणसाकडं बघावं तसं पाहिलं.

ठिगळ मारून तात्पुरती द्यावी असं तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं. पण आता ठिगळ कशाला मारणार? जुना तळच उरला नव्हता. गाडी अशा जागी होती की पुढंच जाता येत होतं, मागं नाही.

पाऊस झाला. बोअर भरल्या, टँकरचे लोक स्वतःहून फोन करायला लागले. आम्ही पेट्या धुतल्या. पहिलं पाणी चहासारखं आलं, शेवटचं काचेसारखं. वाळवल्या, मेण मारलं, भोकांना नवी रबरी बुचं बसवली. अप्पांना बूच काढून दाखवलं, लावून दाखवलं. पाणी सांडलं की मॅट उचलायची, बूच काढायचं, पाणी जाऊ द्यायचं, वाळेपर्यंत मॅट टाकायची नाही. त्यांनी शाळकरी मुलासारखं ऐकून घेतलं. पासिंगला इन्स्पेक्टरनं खाली वाकून पाहिलं आणि कुठं करून घेतलं म्हणून विचारलं. अप्पांनी मला ते लगेच फोन करून सांगितलं.

गाडी घरी न्यायच्या दिवशी मीही सोबत गेले. गल्लीतले लोक बाहेर आले होते. अप्पांनी गाडी अगदी उंबऱ्याला लावली आणि मागचं दार उघडून उभे राहिले. महेश आणि सुनेनं आक्कांना धरून आणलं. त्या पूर्वीपेक्षा खूप हळू आल्या. पाठमोऱ्या झाल्या, सीटवर टेकल्या. तिथपर्यंत जमलं. मग उजवा पाय उचलायला गेल्या. गुडघा वळेना. सुनेनं खाली वाकून पाय धरला, हळूच उचलला. आक्का ओरडल्या नाहीत, पण त्यांचा हात दाराच्या कडेवर आवळला गेला तो सगळ्यांना दिसला. सुनेनं पाय खाली ठेवला. पुन्हा एकदा उचलून बघितलं. मग कुणीच बघितलं नाही.

"राहू दे आज," महेश म्हणाला.

आक्का तशाच बसल्या, सीटवर दाराकडं तोंड करून, पाय बाहेर जमिनीवर. त्यांनी वाकून आतला तळ पाहिला. नवी मॅट हातानं दाबून पाहिली.

"चांगलं केलंस गं बाई," मला म्हणाल्या. मग अप्पांना, "चालू तर करा."

अप्पा पुढं जाऊन बसले. इंजिन चालू केलं. गाडी जागच्या जागी थरथरत राहिली. दार उघडं, आक्कांचे पाय मातीवर. त्या समोर गल्लीच्या टोकाकडं बघत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बास. बंद करा. पेट्रोल जातंय फुकट."

डॉक्टरांचं म्हणणं पडलं की गुडघे जाणारच होते, कधी ना कधी. असेलही. पण ते त्या चार महिन्यांत गेले, आणि ते चार महिने गाडी माझ्याकडं होती. गाडीला आता पंचवीस वर्षं काही होत नाही. अप्पा सोमवारी एकटे देवळात जातात.

तळाच्या गंजाबद्दल लोक विचारतात तेव्हा मी सांगते: वर्षातून दोनदा मॅट उचला, भोकं मोकळी ठेवा, खालून डांबर शाबूत आहे यावर विसंबू नका. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचं आहे. त्याशिवाय आता गाडी आत घेताना मी स्वतः एक प्रश्न विचारते, तिच्यात बसतं कोण, आणि त्यांना थांबता येईल का. कधी कधी उत्तर ऐकून मी पत्रा ठेवते, रिबेट मारते, डांबर फासते आणि आठवड्यात गाडी देऊन टाकते. काम म्हणून ते वाईटच असतं.